दोन बोटांचा वादक : जँगो राइनहार्ट

गिटार हें वाद्य दिसावयास सोपें, परंतु शिकणाऱ्याची कसोटी पाहणारें आहे. उजव्या हातानें तारा छेडावयाच्या आणि डाव्या हाताच्या चार बोटांनीं त्या पडद्यांशीं दाबून स्वर निवडावयाचे, अशी त्याची रीत आहे. नवशिक्या मुलाचीं बोटें दुखतात, तारा खरखरतात आणि पुष्कळ मुलें पहिल्या महिन्यांतच वाद्य खुंटीस टांगून ठेवतात. ज्याच्या त्या चार बोटांपैकीं दोन बोटें जळून आखडलीं, आणि तरीहि जो युरोपांतील अग्रगण्य गिटारवादक झाला, त्या जँगो राइनहार्ट याचें चरित्र म्हणूनच आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

जँगोचा जन्म ता. २३ जानेवारी १९१० रोजीं बेल्जियम देशांतील लिबरशी या खेड्यांत झाला. त्याचे आईबाप रोमा नांवाच्या फिरत्या समाजांतील असून गाडींतच त्यांचा संसार असे. या समाजाचे पूर्वज कित्येक शतकांपूर्वीं हिंदुस्थानांतून पश्चिमेकडे गेले, हें विद्वानांनीं त्यांच्या बोलीवरून ताडिलें आहे. पाण्यास त्या बोलींत ‘पानी’च म्हणतात. जँगोचें बालपण पुढें पॅरिसच्या वेशीबाहेरील छावण्यांत गेलें. शाळा त्याच्या वांट्यास आली नाहीं. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यास एक बँजो मिळाला. इतर वादकांच्या बोटांकडे टक लावून पाहावें आणि ऐकलेलें आपण वाजवून पाहावें, हेंच त्याचें शिक्षण. थोड्याच वर्षांत तो नृत्यगृहांत साथ करून आपलें पोट भरूं लागला.

१९२८ सालच्या शरद् ऋतूंत, तो १८ वर्षांचा असतां, त्याच्यावर घोर आपत्ति कोसळली. त्याची पत्नी विक्रीसाठीं सेल्युलॉइडचीं फुलें करीत असे. एके रात्रीं मेणबत्तीची ज्योत त्या फुलांस लागली आणि क्षणांत सारी गाडी पेटली. नवराबायको दोघेंहि वांचलीं. परंतु जँगोचा उजवा पाय व डावा हात भयंकर भाजला. पाय कापावा, असा वैद्यांनीं सल्ला दिला. त्यानें तो मानिला नाहीं. पाय पुढें बरा झाला. हाताचीं शेवटचीं दोन बोटें मात्र आखडून कायमचीं वांकडीं झालीं. ज्याची सारी कमाई बोटांवर, त्याच्यापुढें आतां उपजीविकेचाच प्रश्न उभा राहिला.

त्याचा भाऊ जोसेफ यानें त्यास रुग्णालयांत एक गिटार आणून दिली. सुमारें दीड वर्षाच्या दुखण्यांत ती त्याची सोबतीण झाली. जुनी पद्धत चार बोटांची होती. ती तशीच घोटून कांहीं हातीं लागलें नसतें. म्हणून त्यानें नवा मार्ग शोधिला. आडवीं बोटें पसरून जे स्वर घ्यावयाचे, ते तो तर्जनी व मधलें बोट गिटारीच्या मानेवरून वरखालीं वेगानें नेऊन घेऊं लागला. आखडलेलीं बोटेंहि त्यानें टाकून दिलीं नाहींत; एकाच वेळीं अनेक स्वर उमटवावयाचे असतां कडेच्या बारीक तारा दाबण्यास तीं उपयोगीं पडत. दुखणाऱ्या हातानें तेच स्वर पुनःपुन्हां वाजवीत त्यानें गेलेली कला परत मिळविली.

१९३४ सालीं व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेली याच्यासह त्यानें पॅरिसमध्यें पांच वादकांचा ताफा उभारला. त्यांत ढोल किंवा तुतारी नव्हती. तीन गिटारी, एक व्हायोलिन व एक मोठें खर्जाचें तंतुवाद्य एवढाच सरंजाम होता. जाझ संगीतांत गिटार पुढें येऊन बोलूं शकते, हें या ताफ्यानें दाखविलें. महायुद्धांत नाझी सत्तेनें रोमा समाजाचा भीषण संहार केला. त्या काळांतहि जँगोचें वादन चालू राहिलें, आणि १९४० सालची ‘न्युआज’, म्हणजे ‘ढग’, ही त्याची रचना अत्यंत लोकप्रिय झाली. १९४६ सालीं तो ड्यूक एलिंग्टन या विख्यात वादकाबरोबर अमेरिकेंतहि वाजवून आला. ता. १६ मे १९५३ रोजीं वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षीं मेंदूंत रक्तस्राव होऊन तो वारला.

त्याच्या सर्वच गोष्टी अनुकरणीय होत्या, असें आम्ही म्हणत नाहीं. ठरलेल्या वेळीं हजर राहण्याचा त्यास कंटाळा असे, आणि त्याचे सोबती त्यामुळें जेरीस येत. परंतु सरावाच्या बाबतींत त्याच्यापासून शिकण्यासारखें पुष्कळ आहे. सराव म्हणजे नुसती घोकंपट्टी नव्हे. आपल्यापाशीं जें आहे त्यानें काम कसें साधेल, याचा तो रोजचा शोध आहे. श्रोत्यांनीं जँगोचे सुरेल स्वर ऐकले. त्यापूर्वींचे रुग्णशय्येवरचे बेसूर महिने घरच्यांनींच ऐकले असतील. म्हणून पालकांसहि आमची विनंती आहे कीं, घरांत एखादें मूल वाद्य घेऊन चुकत माकत बसलें असेल, तर त्या खरखरीस थोडे दिवस कान द्यावे.