मोठ्या कुटुंबाची माउली : लक्ष्मीबाई टिळक



आपल्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी स्मरणिकेंत एखाद्या कुटुंबवत्सल ख्रिस्ती मातेचें चरित्र असावें, असें मनांत आलें, तेव्हां डोळ्यांपुढें उभी राहिली ती कोणी परदेशस्थ संतीण नव्हे, तर आपल्याच महाराष्ट्रांतील, आपलीच भाषा बोलणारी एक गृहिणी. लक्ष्मीबाई टिळक या प्रॉटेस्टंट पंथाच्या होत्या, आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या नव्हत्या, हें खरें. परंतु आपल्यापासून विभक्त असलेल्या बांधवांत जे ख्रिस्ती गुण दिसतात ते आनंदानें मान्य करावेत, अशी शिकवण दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें १९६४ सालीं दिलेली आहे. तिला अनुसरून हें लहानसें चरित्र सादर करीत आहें.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळील जलालपूर येथें गोखल्यांच्या ब्राह्मण घराण्यांत झाला. माहेरचें नांव मनकर्णिका. वडिलांचें सोवळें इतकें कडक कीं, बाजारांतून आणलेलें मीठसुद्धां धुतल्यावांचून घरांत येत नसे. परक्याचा स्पर्श म्हणजे विटाळ, असें जेथें मानीत, त्या घरांत ही मुलगी वाढली. १८८० सालीं, वयाच्या बाराव्या वर्षाच्या सुमारास, नारायण वामन टिळक यांच्याशीं तिचा विवाह झाला. टिळक वृत्तीनें कवि, बुद्धीनें विद्वान, मनानें उदार. पण हातांत पैसा टिकावयाचा नाहीं आणि पाय एका जागीं ठरावयाचा नाहीं. लक्ष्मीबाईंना शाळा ठाऊक नव्हती; लिहिणें-वाचणें त्या लग्नानंतर शिकल्या. पहिलीं अपत्यें लहानपणींच देवाघरीं गेलीं. १८९१ सालीं दत्तू जन्मास आला, आणि तो मात्र जगला.

१० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती स्नानसंस्कार घेतला. त्या काळीं याचा अर्थ असा होता कीं, पति हयात असतांही पत्नी त्याला अंतरली. लहानग्या दत्तूला उराशीं धरून लक्ष्मीबाईंनीं पुढील कांहीं वर्षें नातलगांच्या आश्रयानें काढलीं. अखेर त्या अहमदनगरास पतीकडे आल्या. (या नगराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें.) टिळक तेथें अमेरिकन मराठी मिशनच्या कार्यांत होते. त्यांनीं पत्नीवर धर्माची सक्ती केली नाहीं; तिनें आपलें सोवळें पाळावें, यास त्यांची ना नव्हती. जातिभेद हा देवानें केलेला नाहीं, ही गोष्ट लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच विचारानें पटली, आणि १९०० सालीं त्यांनींही स्नानसंस्कार घेतला.

त्याच सुमारास, १८९९-१९०० सालीं, मोठा दुष्काळ पडला. आईबापांवेगळीं झालेलीं मुलें दारोदार फिरूं लागलीं. टिळकांचें मन द्रवलें. ते अशीं मुलें आपल्या घरीं आणूं लागले. ज्या बाईला बालपणीं परक्याच्या स्पर्शाची भीति शिकविली गेली होती, तिच्याच चुलीपाशीं आतां कोणाकोणाचीं मुलें येऊन बसलीं.

बांधवहो, या चरित्राचें मर्म येथेंच आहे. अनाथ मूल घरीं आणणें ही एका घटकेची गोष्ट आहे. परंतु त्याला न्हाऊं घालणें, त्याच्या डोक्यांतील उवा काढणें, तें रात्रीं तापानें फणफणलें असतां उशाशीं बसणें, आणि दोन्ही वेळां त्याच्या ताटांत भाकरी वाढणें, ही वर्षानुवर्षांची गोष्ट आहे. आणि ती बहुधा गृहिणीच्या वांट्यास येते. टिळकांची मिळकत बेताची, आणि दान देतांना उद्यांचा विचार नाहीं. घरांत पीठ किती उरलें आहे, हें ठाऊक असे तें लक्ष्मीबाईंना. पतीच्या औदार्याचा भार पत्नीच्या चुलीवर पडे. त्यामुळें दोघांत खटके उडत. हे खटके लक्ष्मीबाईंनीं आपल्या आत्मचरित्रांत मुळींच झांकून ठेविलेले नाहींत. हंसत हंसत सांगितले आहेत. पण त्यांचें भांडण असे तें पतीशीं, दारांत आलेल्या मुलाशीं नव्हे. पतीनें दार उघडलें आणि पत्नीनें ताट वाढलें, म्हणून तें घर कुटुंब झालें. दोहोंपैकीं एक गोष्ट उणी असती, तर तेथें केवळ वसतिगृह उरलें असतें.

पुढें या घरांत आणखी एक मूल आलें. १९०७ सालीं जळगांव येथें भरलेल्या कविसंमेलनांत त्र्यंबक बापूजी ठोमरे या किशोरवयीन मुलानें सर्वांस थक्क केलें आणि तो बालकवि म्हणून प्रसिद्धि पावला. हा लहरी, हळवा मुलगा कांहीं काळ टिळकांच्या नगरच्या घरीं राहिला. लक्ष्मीबाईंनीं त्याच्यावर आईची माया केली, त्याचे रुसवेफुगवे सोसले. तो हिंदु होता आणि हिंदुच राहिला. त्यामुळें त्या मायेंत अंतर पडलें नाहीं. १९१८ सालच्या मे महिन्यांत भादली स्टेशनाजवळ आगगाडीच्या अपघातांत त्याचा अंत झाला, आणि एका वर्षानें, ९ मे १९१९ रोजीं, टिळकही मुंबईस निवर्तले.

वैधव्याचीं तीं वर्षें लक्ष्मीबाईंनीं रडत काढलीं नाहींत. टिळकांनीं ख्रिस्तायन हें प्रभूच्या चरित्राचें काव्य आरंभिलें होतें. थोडेच अध्याय लिहून झाले होते. शाळेचें तोंड न पाहिलेल्या या स्त्रीनें तें पुढें चालवून त्याचा मोठा भाग स्वतः रचला. १९३४ सालापासून त्यांचीं स्मृतिचित्रें प्रसिद्ध होऊं लागलीं, आणि साध्या घरगुती बोलीनें त्यांनीं मराठी वाङ्मयांत कायमचें स्थान मिळविलें. २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं नाशिक येथें त्यांनीं देह ठेविला.

लक्ष्मीबाईंच्या पोटचीं मुलें थोडीं. तथापि त्यांचें कुटुंब मोठें होतें. यांत आपणांस नवल वाटूं नये. नाझरेथच्या पवित्र कुटुंबांत संत योसेफ हा रक्तानें पिता नव्हता. त्यानें बाळ येशूला आपलें म्हटलें, त्याच्यासाठीं रात्रीं उठून मिसर देशाची वाट धरली, सुताराच्या हत्यारांनीं त्याच्या मुखीं घांस घातला, आणि तो खरा पिता झाला. अनेक अपत्यें हें देवाचें देणें आहे. ज्यांना तें लाभलें त्यांनीं त्याबद्दल आभार मानावेत. ज्यांना तें लाभलें नाहीं त्यांनाही मोठें कुटुंब वर्ज्य नाहीं.

आपलें कामोठे पूर्वीं पनवेलजवळचें एक लहान गांव. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि कालांतरानें येथें उंच इमारती उभ्या राहिल्या. गांवोगांवहून आलेलीं कुटुंबें येथें दोन खोल्यांत संसार करितात. आईबाप सकाळीं लोकल गांठतात, रात्रीं थकून परततात. घरांत एकदोन मुलें. चौथ्या-पांचव्या माणसास जागा कोठली, असें मनांत येतें. परंतु शिकण्यासाठीं गांवाहून आलेला भाचा, आई कामावरून येईपर्यंत जिन्यांत बसून राहणारें शेजारचें मूल, वरच्या मजल्यावरील एकटी आजीबाई, यांच्यासाठीं एक ताट अधिक वाढतां येईल. मात्र ज्या पतीनें पाहुण्यास बोलाविलें, त्यानें आधीं स्वतः स्वयंपाकघरांत जाऊन कांदा चिरावयास बसावें. म्हणजे त्याचें औदार्य दुसऱ्याच्या कष्टावर उभें राहणार नाहीं.

आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक घराला लक्ष्मीबाईंचें मायाळू अंतःकरण आणि संत योसेफाचे कष्टाळू हात लाभोत, हीच या महोत्सवप्रसंगीं प्रभुचरणीं नम्र प्रार्थना.