चाकांना वळण लावणारा माणूस

थोरांची चरित्रे वाचताना आपण बहुधा लढाया, तुरुंगवास, ग्रंथ आणि सिंहासने शोधत असतो. ज्याने लोकांना नुसते खेळायला शिकवले त्याच्यासाठी चरित्रकारांची लेखणी सहसा झिजत नाही. जेम्स लेनर्ड प्लिम्पटन हा असा एक माणूस. पायाला चाके बांधून सरसर जाणारी मुले आज आपल्या शहरांतल्या मैदानांवर संध्याकाळी हटकून दिसतात. त्या मुलांना त्याचे नाव ठाऊक नसते. पण स्केटिंगचा इतिहास जिथे जिथे लिहिला गेला आहे तिथे तिथे हे नाव मानाने घेतले जाते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. पाणी ओढणे, गवताचे भारे वाहणे, दळणकांडण हाच आमच्या बायकांचा व्यायाम आणि त्याला व्यायाम म्हणतात हेही त्यांना कोणी सांगितले नाही. खेळ ही पोरासोरांची गोष्ट. मुलगी सातवी-आठवीत गेली की तिची लंगडी आणि खो-खो सुटतो, तो सुटतोच. त्यामुळे आईबाप, मुलगे आणि मुली एकाच जमिनीवर एकाच वेळी खेळतील असा खेळ कोणी एकाने मुद्दाम उभा केला, हे वाचल्यावर त्या माणसाचा शोध घ्यावासा वाटला. त्या शोधात जे हाती लागले ते येथे मांडते.

चाकांचे स्केट प्लिम्पटनच्याही आधीचे. जॉन जोसेफ मर्लिन नावाचा एक कल्पक कारागीर अठराव्या शतकात लंडनमध्ये राहत होता. त्याच्याविषयी एक गोष्ट सांगतात. सोहो भागातल्या एका मेजवानीत हे गृहस्थ पायांत चाके घालून, हातात व्हायोलिन वाजवत शिरले. वेग तर आला, पण थांबावे कसे आणि वळावे कसे हे साधेना. समोर पाचशे पौंडांहून अधिक किमतीचा आरसा होता. आरसा फुटला, व्हायोलिन मोडले आणि मर्लिनसाहेब जबर जखमी झाले. गोष्टीत थोडे तिखटमीठ असेल, पण अडचण खरी होती. पुढे १८१९ साली पॅरिसमध्ये पेतीब्लेद नावाच्या गृहस्थाने अशा स्केटचे पेटंट घेतले. त्याचीही चाके एकामागे एक, एकाच ओळीत होती. सरळ जावे तर उत्तम. वळायचे म्हटले की पंचाईत.

ही पंचाईत ज्याने सोडवली त्या प्लिम्पटनचा जन्म १८२८ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मेडफील्ड या गावी झाला. त्याचा हात लहानपणापासून यंत्रांवर चाले. तरुण वयातच तो यंत्रांच्या कारखान्यात कामाला लागला आणि पुढे न्यूयॉर्कला येऊन लाकडी सामानाच्या धंद्यात स्थिरावला. खुर्च्या, पलंग, कपाटे यांचा व्यापार करणारा हा माणूस खेळाच्या इतिहासात शिरला तो आजारपणामुळे. प्रकृती साथ देईना, तेव्हा त्याला बर्फावर स्केटिंग करण्याचा वैद्यकीय सल्ला मिळाला.

त्या काळी न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्क नव्यानेच आकाराला येत होते. १८५८ च्या हिवाळ्यात तिथल्या गोठलेल्या तळ्यावर लोक प्रथम स्केटिंग करू लागले होते. प्लिम्पटनही जाऊ लागला आणि त्याला गुण आला. पण बर्फ काही बारमाही नसतो. उन्हाळ्याची चाहूल लागली की तळे वितळे आणि औषध बंद! तुमच्या-माझ्यासारख्याने पुढच्या हिवाळ्याची वाट पाहिली असती. या कारागिराने बर्फाशिवाय बर्फावरची चाल कशी साधेल याचा विचार सुरू केला. बर्फावर अंग झुकवले की माणूस वळतो. तीच गोष्ट लाकडी जमिनीवर, चाकांवर साधायला हवी होती.

त्याची युक्ती समजायला इंजिनियर असण्याची गरज नाही. त्याने चाके एका ओळीत न ठेवता त्यांच्या दोन जोड्या केल्या. एक जोडी चवड्याखाली, दुसरी टाचेखाली. प्रत्येक जोडीला स्वतंत्र आख. आपल्या बैलगाडीचा आख सांगाड्याला घट्ट जखडलेला असतो. याने आपले आख हलते ठेवले आणि पावलाची पट्टी व आख यांच्यामध्ये रबराची उशी बसवली. स्केट घालणाऱ्याने अंगाचा भार एका बाजूला टाकला की त्या बाजूचे रबर दबते, पुढचा आख थोडा एका दिशेने आणि मागचा थोडा उलट दिशेने फिरतो आणि स्केट आपोआप गोलाकार वळते. भार काढून घेतला की चाके पुन्हा सरळ. मर्लिनला जे साधले नव्हते ते आता नुसते कलण्याने साधले. आपल्याकडे घरातली वडीलधारी माणसे पोरांना वळण लावतात. प्लिम्पटनने चाकांना वळण लावले.

या स्केटचे पेटंट त्याला ६ जानेवारी १८६३ रोजी मिळाले. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना या तारखेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते आणि पाचच दिवस आधी, १ जानेवारीला, अब्राहम लिंकनने बंडखोर राज्यांतल्या गुलामांच्या मुक्तीची घोषणा अमलात आणली होती. एकीकडे माणसांच्या पायांतल्या बेड्या तोडण्याची गोष्ट चालू होती, दुसरीकडे एक व्यापारी पायांना चाके बांधत होता. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध त्या दिवशी कोणाला दिसला नसेल. पुढे तो कसा आला हे लेखाच्या ओघात येईलच.

शोध लावून प्लिम्पटन स्वस्थ बसला नाही. त्याने आपल्या दुकानाच्या जागेत लाकडी जमीन तयार केली, लोकांना शिकवू लागला आणि न्यूयॉर्क रोलर स्केटिंग असोसिएशन ही संस्था काढली. १८६६ मध्ये न्यूपोर्ट या समुद्रकाठच्या गावी अटलांटिक हाऊस या हॉटेलात त्याने स्केटिंगची जागा सुरू केली. याच इमारतीत युद्धकाळात अमेरिकेच्या नौदलाची अकादमी भरत असे. जिथे सैनिकी शिस्तीची पावले वाजत होती तिथे आता स्त्रीपुरुष चाकांवर वळणे घेऊ लागले. त्या काळातल्या प्रतिष्ठित घरांत तरुण मुलामुलींनी एकत्र येण्यावर केवढी बंधने होती! स्केटिंगने त्यांना चारचौघांदेखत, मोकळ्या मनाने, घाम येईपर्यंत एकत्र खेळण्याची संधी दिली. आई, बाप, मुले सगळी एकाच जमिनीवर. स्त्रियांसाठी व्यायाम ही चैन मानली जात असताना या खेळाने त्यांना पायांवर आणि तोलावर विश्वास ठेवायला शिकवले.

येथपर्यंत मी प्लिम्पटनच्या प्रेमात होते. पुढची गोष्ट वाचून मात्र थबकले. त्याला हा खेळ हवा होता तो सुशिक्षित आणि प्रतिष्ठित वर्गासाठी. आपले स्केट तो विकत नसे, भाड्याने देई. ज्यांना परवाना दिला असेल त्यांनीच रिंक चालवायची, त्याच्या अटींवर. न्यूपोर्टला येणारी माणसे धनिकांतली. दारावर कोण आले आहे हे पाहून दार उघडायचे. खेळ कुटुंबाचा खरा, पण सगळ्या कुटुंबांचा नव्हे. शेतात राबणारी माझी आजी त्या दाराशी उभी राहिली असती तर तिला आत घेतले असते काय? उत्तर मला माहीत आहे, तुम्हालाही आहे.

खेळ इंग्लंडात पोहोचला आणि १८७५-७६ च्या सुमारास तिथे त्याचे अक्षरशः वेड लागले. गावोगावी रिंक उभ्या राहिल्या. जिथे पैसा तिथे नक्कल आणि जिथे नक्कल तिथे कोर्टकचेरी. नक्कल करणाऱ्यांवर प्लिम्पटनने फिर्यादी केल्या. त्यातला माल्कमसनविरुद्धचा १८७६ चा खटला कायद्याच्या पुस्तकांत आजही सापडतो. प्रतिपक्षाचे म्हणणे असे, की अमेरिकन पेटंटाची माहिती देणारे पुस्तक इंग्लंडात आधीच पोहोचले होते, ते पेटंट कचेरीच्या ग्रंथालयात होते. मग हा शोध इंग्लंडात नवा कसा? न्यायमूर्ती सर जॉर्ज जेसेल यांनी ते मान्य केले नाही. पुस्तक ग्रंथालयात येऊन पडले एवढ्याने त्यातले ज्ञान लोकांचे होत नाही, असा त्यांच्या निकालाचा मथितार्थ. खटला प्लिम्पटनने जिंकला. मला हा निकाल फार विचार करायला लावतो. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात माझ्या आधी पिढ्यानपिढ्या पुस्तके होतीच. आमच्या घरापर्यंत त्यातले एक पानही आले नव्हते. कपाटातले ज्ञान आणि लोकांचे ज्ञान यांतले अंतर न्यायमूर्तींनी एका खेळण्याच्या खटल्यात ओळखले.

पण पेटंट कायमचे नसते. १८८० च्या सुमारास अमेरिकेतली त्याची मुदत सरली आणि हा शोध सर्वांचा झाला. कारखान्यांनी भराभर स्केट बनवायला सुरुवात केली, किमती उतरल्या. १८८४ मध्ये लेव्हंट रिचर्डसन याने चाकांत पोलादी छर्रे बसवलेल्या स्केटचे पेटंट घेतले. आपल्या सायकलच्या चाकात असतात तसेच छर्रे. त्यामुळे चाक हलके फिरू लागले. आता कामगार, कारकून, शाळकरी पोरे यांच्याही पायांत चाके आली. प्लिम्पटनने हे सगळे डोळ्यांनी पाहिले. १९११ साली तो वारला तेव्हा त्याच्या हातून सुटलेला खेळ त्याच्या संस्थेपेक्षा कितीतरी मोठा झालेला होता.

तरीही सगळी दारे उघडली नव्हती. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या अनेक रिंकमध्ये कृष्णवर्णीयांना मज्जाव असे, किंवा त्यांच्यासाठी आठवड्यातली एखादीच रात्र राखून ठेवलेली असे. शिकागोच्या व्हाइट सिटी रिंकसमोर १९४६ साली प्रवेशासाठी निदर्शने करावी लागली. १८६३ च्या जानेवारीतल्या त्या दोन घटना शेवटी एका दारापाशी समोरासमोर आल्या, त्या अशा. गुलामी कायद्याने गेली तरी खेळाच्या जमिनीवर पाय ठेवण्याचा हक्क झगडून घ्यावा लागला. ज्यांच्या वस्तीतल्या विहिरींचा आणि देवळांचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको.

काळाची गंमत अशी, की १९८० नंतर एका ओळीतल्या चाकांचे स्केट नव्या, मऊ चाकांसह पुन्हा लोकप्रिय झाले. वेगाच्या मोठ्या शर्यती आता त्यांवरच होतात. २०२३ मध्ये चीनमधील हांगझो येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुलींनी आणि मुलांनी ३००० मीटर रिलेमध्ये कांस्यपदके मिळवली. मुलांच्या संघात विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही दोन मराठी नावे होती. ती वाचताना मला न्यूपोर्टचे ते दार आठवले आणि समाधान वाटले.

प्लिम्पटनला मी थोर म्हणावे की नाही? त्याने कलत्या माणसाला पडू न देता वळायला शिकवले, आजारपणातून उपाय काढला आणि तो उपाय बायकांपर्यंत नेला. एवढ्यासाठी त्याचे ऋण मानायला हवे. दाराशी उभ्या असलेल्यांचा विचार त्याने केला नाही, तो इतरांनी केला. शोध लावणाऱ्याच्या मनात असते त्यापेक्षा त्याचा शोध पुष्कळदा अधिक उदार निघतो. आपल्या कॉलेजच्या जिमखान्यात मुलींच्या खेळाची वेळ संध्याकाळी पाचला संपते आणि मैदान त्यापुढेही बराच वेळ उजेडात असते. त्या उरलेल्या उजेडाचा विचार जिमखाना समितीने करावा, एवढी विनंती या निमित्ताने करते.