नाना फडणवीस

बाळाजी जनार्दन भानू ऊर्फ नाना फडणवीस (१२ फेब्रुवारी १७४२, सातारा – १३ मार्च १८००, पुणे) हे उत्तर पेशवाईतील मुत्सद्दी व कारभारी होते. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत राज्याचा बहुतेक कारभार त्यांच्या हाती होता.

पूर्वायुष्य
फडणिशीचे पद भानू घराण्यात वंशपरंपरेने होते. १७६१ मध्ये नाना पानिपतच्या रणांगणातून बचावले. त्यांच्या मातोश्री मात्र त्या मोहिमेत गमावल्या. हा काळ त्यांनी आपल्या छोटेखानी आत्मचरित्रात नोंदविला आहे. नारायणरावांच्या खुनानंतर रघुनाथरावांविरुद्ध उभ्या राहिलेल्या बारभाईंच्या कारस्थानात ते अग्रभागी होते.

बातमी आणि गुप्तता
फडणिशीमुळे हिशेब व कागदपत्रे नानांच्या नजरेखालून जात. दिल्लीस हिंगणे, हैदराबादेस गोविंदराव काळे, शिंद्यांच्या छावणीत सदाशिव दिनकर असे वकील त्यांना बातमीपत्रे पाठवीत. या पत्रव्यवहाराची मोडी ही सांकेतिक लिपी नव्हे. ती झरझर लिहिण्यासाठी होती आणि कोणत्याही कारकुनास वाचता येई. त्यामुळे पत्र गुप्त राहणे हे ते नेणारा जासूद व कागद सांभाळणारा माणूस यांच्या इमानावर अवलंबून असे. नानांच्या व्यवस्थेची हीच दुखरी बाजू जुन्नरास उघडी पडली.

शिवनेरीवरील पत्रे
रघुनाथरावांचे पुत्र बाजीराव व चिमाजी आप्पा आणि दत्तक पुत्र अमृतराव यांना १७९४ मध्ये नाशिकजवळील आनंदवल्लीहून हलवून जुन्नरच्या शिवनेरी किल्ल्यावर कैदेत ठेवण्यात आले. पहाऱ्यावर बळवंतराव नागनाथ होते. बाजीरावांनी गोड बोलून त्यांनाच वश केले आणि त्यांच्यामार्फत सवाई माधवरावांस स्नेहाचे पत्र पाठविले. तरुण पेशव्यांनीही कारभाऱ्यास न कळविता उत्तरे धाडली. हा व्यवहार नानांना कळताच बळवंतरावांस बेड्या घालून डोंगरी किल्ल्यावर टाकण्यात आले, बाजीरावांवरील पहारा कडक झाला आणि पेशव्यांनाही बोल लावण्यात आला. बाहेरच्या दरबारांची बित्तंबातमी राखणाऱ्या नानांना शनिवारवाड्यातील आपल्याच धन्याचे मन मात्र यानंतर जिंकता आले नाही. ऑक्टोबर १७९५ मध्ये वाड्याच्या सज्जावरून पडून सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. तो अपघात होता की आत्मघात, याविषयी मतभेद आहेत.

अखेरचा काळ
वारसाच्या प्रश्नात शिंद्यांच्या कारभाऱ्यांनी बाजीरावांशी संधान बांधल्याचे समजताच नानांनी आपला बेत फिरविला. ज्याला कैदेत ठेवले त्यालाच आणण्यासाठी त्यांनी परशुरामभाऊ पटवर्धनांस शिवनेरीस रवाना केले. बाजीराव शपथ घेतल्याशिवाय गड उतरेनात. अखेर परशुरामभाऊंनी गाईचे शेपूट धरून शपथ घेतली. पुढे बरीच उलथापालथ होऊन डिसेंबर १७९६ मध्ये बाजीराव पेशवे झाले, पण दोघांतील संशय गेला नाही. ३१ डिसेंबर १७९७ रोजी दौलतराव शिंद्यांच्या छावणीत नानांना दग्याने पकडण्यात आले. अहमदनगरच्या किल्ल्यातील कैदेतून ते १७९८ मध्ये सुटले व पुन्हा कारभारात आले.

वारसा
आंबेगाव व खेड तालुक्यांच्या सीमेवरील भीमाशंकर मंदिराचे शिखर नानांनी बांधविले. पुण्यातील बेलबाग आणि वाईजवळील मेणवलीचा वाडा व घाट हीदेखील त्यांचीच कामे. मेणवलीच्या वाड्यात जपलेल्या त्यांच्या दफ्तरातील मोडी कागद पुढे इतिहासाचे महत्त्वाचे साधन ठरले.