'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान



१७ सप्टेंबरचे झेंडावंदन आठवते ना? आपण भाषणे पाठ करायचो आणि त्यात रझाकार हा शब्द हमखास यायचा. तो आला की वर्गातल्या आपल्या काही मुसलमान मित्रांच्या माना खाली जायच्या. ते तेव्हा माझ्या लक्षात आले नाही. शोएबुल्ला खान यांच्याविषयी वाचले तेव्हा आले. आपल्या भाषणांत हे नाव कधीच नसायचे. म्हणून या स्मरणिकेत त्यांच्याविषयी लिहिते.

शोएबुल्लांचा जन्म १९२० सालचा, वरंगळ भागातला. वडील पोलीस खात्यात होते. रेल्वे स्टेशनवर त्यांनी गांधीजींना पाहिले होते आणि ते मुलाला लाडाने शोएबुल्ला गांधी म्हणत, असे सांगतात. मुलगा उस्मानिया विद्यापीठातून पदवीधर झाला. शिकलेल्या मुसलमान तरुणाला निजामाच्या राज्यात सरकारी नोकरी सहज मिळाली असती. त्यांनी मात्र 'तेज' नावाच्या उर्दू साप्ताहिकात तुटपुंज्या पगारावर काम धरले.

रझाकारांचे जुलूम आणि सामान्य रयतेचे हाल छापल्यामुळे सरकारने 'तेज' बंद पाडले. मग ते मंदुमुला नरसिंगराव यांच्या 'रयत' या दैनिकात गेले. तेही बंद झाले. तेव्हा घरातले दागिने विकून आणि बुर्गुल रामकृष्णराव यांच्यासारख्यांच्या मदतीने त्यांनी स्वतःचे दैनिक काढले. १५ नोव्हेंबर १९४७ रोजी 'इमरोज'चा पहिला अंक निघाला. इमरोज म्हणजे आज.

भारत स्वतंत्र होऊन तीन महिने झाले होते, पण आपला जिल्हा अजून निजामाच्याच ताब्यात होता. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आपल्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. इथली माणसे घरदार सोडून बार्शी-सोलापूरच्या हद्दीत आसरा घेत होती. हैदराबादेत बसून 'इमरोज' सांगत होता की संस्थानाने भारतात सामील व्हावे आणि राज्य लोकांच्या हाती यावे. हेच काँग्रेसवाल्यांनी लिहिले की तो हिंदूंचा कांगावा ठरवता येई. इथे तर लिहिणारा मुसलमान होता, भाषा उर्दू होती आणि वाचणारे राजधानीतले होते. रझवीला हेच जास्त झोंबले.

ऑगस्ट १९४८ मध्ये काही मुसलमान पुढाऱ्यांनी विलीनीकरणाच्या बाजूने पत्रक काढले, ते 'इमरोज'ने छापले. त्यानंतर रझवीने जाहीर सभेत, विरोधात लिहिणारे हात तोडण्याची धमकी दिली. शोएबुल्लांनी पेपर बंद केला नाही.

२१ ऑगस्टच्या रात्री अंकाचे काम आटोपून ते मेहुण्याबरोबर घरी निघाले होते. काचीगुडा भागात मारेकऱ्यांनी त्यांना गाठले, गोळ्या झाडल्या आणि लिहिता हात तोडला. मदतीला धावलेला मेहुणाही जबर जखमी झाला. २२ तारखेच्या पहाटे शोएबुल्ला गेले. वयाची अठ्ठावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मागे म्हातारे आईवडील, पत्नी आणि लहान मूल राहिले.

१३ सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून आत शिरली आणि पहिल्याच दिवशी आपले नळदुर्ग तिच्या ताब्यात आले. १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. शोएबुल्लांना जाऊन तेव्हा सव्वीस दिवस झाले होते. ज्या दिवसासाठी त्यांनी लिहिले, तो त्यांना दिसला नाही.

मी इंजिनिअर, इतिहासाची अभ्यासक नाही. पण एवढे कळते की आपण मुक्तिसंग्रामाची गोष्ट अर्धीच पाठ केली होती. रझाकारांचा जुलूम खरा होता, तो विसरायचा नाही. त्या जुलमाविरुद्ध लिहिता लिहिता जीव गमावणारा संपादक शोएबुल्ला खान होता, हेही तितकेच खरे आहे.

सध्या शाळेत शिकवणाऱ्या सर-बाईंना एक विनंती आहे. येत्या १७ सप्टेंबरला एखाद्या मुलाला किंवा मुलीला यांच्यावर भाषण करायला सांगा. आपल्या वेळी राहून गेले, त्यांच्या वेळी राहू नये.