पंडिता रमाबाई आणि केडगावच्या विहिरी

पंडिता रमाबाईंचे नाव घेतले की स्त्रीशिक्षण आठवते. या अंकात आम्ही त्यांची आणखी एक ओळख करून देत आहोत. जमीन आणि पाणी ही देवाची देणगी मानून त्यांनी ती कष्टाने जपली.

रमाबाईंचा जन्म आपल्याच कर्नाटकात, २३ एप्रिल १८५८ रोजी, सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात झाला. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या नद्या तेथे उगम पावतात. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले. त्याबद्दल लोकांचा रोष पत्करून ते रानात राहिले होते. रमाबाई सहा महिन्यांच्या असताना हे कुटुंब तीर्थयात्रेला निघाले आणि वर्षानुवर्षे पायी फिरत राहिले. पुढे दुष्काळात अन्न मिळेना, तेव्हा झाडपाला आणि पाणी यांवर त्यांनी दिवस काढले. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई आणि बहीणही गेली.

भुकेचा हा अनुभव रमाबाई विसरल्या नाहीत. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८८९ मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. पुढे ते पुण्यास नेले. संस्था दुसऱ्यांच्या देणगीवरच अवलंबून राहू नये, म्हणून त्यांनी पुण्याजवळ केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली, विहिरी खणल्या आणि फळझाडे लावली.

तेवढ्यात १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. फळबागेसाठी घेतलेल्या जागेवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या दुष्काळात तेथे सुमारे दोन हजार माणसे होती, शिवाय गुरेढोरे. विहिरींचा दिवसभर उपसा चाले आणि उद्या पाणी असेल की नाही, अशी रोजची धास्ती असे. सकाळी पुन्हा पाणी आलेले दिसे. रमाबाईंनी ही देवाची कृपा मानली. मुली शेतात, गोठ्यात आणि मागावर काम करीत. एकेकाळी झाडपाल्यावर जगलेली मुलगी आता शेकडो मुलींना जेवू घालत होती.

५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. देवाचे आभार त्यांनी प्रार्थनेत मानले, तसेच विहीर खणून आणि झाड लावूनही मानले. आपला धर्म कोणताही असो, हे आभार आपणही मानू शकतो.

आपल्या हुबळी-धारवाडला मलप्रभेचे पाणी लांबून येते. अमरगोळच्या आपल्या मुलांनी मधल्या सुट्टीत वाहता नळ दिसताच बंद करावा, डबा धुतलेले पाणी झाडाला घालावे. पालकांनी घरी एक झाड लावून मुलांकडे सोपवावे. विश्वस्तांनी शाळेच्या छपरावरचे पावसाचे पाणी जमिनीत मुरवण्याचा विचार करावा, अशी आमची नम्र विनंती आहे.