फितींनी जपलेला फुर्टवेंगलर

विख्यात वाद्यवृंद संचालक विल्हेल्म फुर्टवेंगलर यांचा जन्म २५ जानेवारी १८८६ रोजी बर्लिनमध्ये झाला. १९२२ मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकची धुरा त्यांच्याकडे आली. स्टुडिओतील ध्वनिमुद्रणापेक्षा श्रोत्यांसमोरील वादन त्यांना प्रिय होते. ज्यू वादकांना त्यांनी साह्य केले. मात्र नाझी राजवटीत ते १९४५ च्या आरंभापर्यंत जर्मनीतच राहिले. १९४६ च्या चौकशीत निर्दोष ठरूनही तो ठपका पुसला गेला नाही. युद्धकाळातील त्यांच्या मैफली जर्मन रेडिओने चुंबकीय फितींवर टिपल्या. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने त्यातील अनेक फिती मॉस्कोला नेल्या. ३० नोव्हेंबर १९५४ रोजी फुर्टवेंगलर निवर्तले. बऱ्याच फिती १९८७ मध्ये बर्लिनला परतल्या. त्यांत बीथोव्हेनच्या स्वरांबरोबर श्रोत्यांचा खोकलाही ऐकू येतो. कलावंताच्या जबाबदारीचा प्रश्न मात्र अनुत्तरितच आहे.