द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर, १९१० – ९ डिसेंबर, १९४२) हे मराठी शल्यचिकित्सक आणि वैद्यकशिक्षक होते. दुसऱ्या चीन-जपान युद्धात त्यांनी चीनमधील जखमी सैनिकांवर उपचार केले आणि तेथील विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेचे शिक्षण दिले. चीनमध्ये ते के दिहुआ या नावाने ओळखले जातात.

जीवन

कोटणीस यांचा जन्म सोलापूर येथे झाला. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. चिनी सेनानी चू ते यांच्या विनंतीवरून भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. अटल, चोळकर, बसू आणि मुखर्जी हे पथकातील अन्य सदस्य होते. चीनमध्ये असतानाच वडिलांच्या निधनाची बातमी कोटणीसांना मिळाली. तरीही न परतता १९३९ मध्ये ते येनान येथे गेले. १९४० मधील एका प्रदीर्घ लढाईत त्यांनी सुमारे ७२ तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले.

अध्यापन

कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांचे नोव्हेंबर १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने निधन झाले. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला झालेली जखम त्यास कारणीभूत ठरली. युद्धभूमीवर प्रशिक्षित शल्यचिकित्सक फारच थोडे असल्याने अशी हानी भरून काढण्यासाठी नवे डॉक्टर घडवणे आवश्यक होते. बेथ्यून यांचे नाव दिलेल्या वैद्यकीय विद्यालयात कोटणीस शस्त्रक्रिया हा विषय शिकवू लागले. जानेवारी १९४१ मध्ये त्यांची बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाच्या संचालकपदी नियुक्ती झाली. औषधे व उपकरणे यांचा तुटवडा होता आणि शत्रूच्या हल्ल्यांमुळे रुग्णालयाला वारंवार जागा बदलावी लागे. कोटणीसांनी चिनी भाषा आत्मसात केली व त्याच भाषेत अध्यापन केले. शस्त्रक्रियेच्या सामान्य तत्त्वांवर त्यांनी विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तक लिहिले. विशिष्ट शस्त्रक्रियांवरील दुसरे पुस्तक मात्र त्यांच्या निधनामुळे अपूर्ण राहिले.

विवाह व निधन

१९४१ मध्ये त्यांनी परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. ऑगस्ट १९४२ मध्ये जन्मलेल्या त्यांच्या मुलाच्या इनहुआ या नावात भारत व चीन या दोन्ही देशांची चिनी नावे गुंफलेली आहेत. अतिश्रम व अपस्माराच्या झटक्यांमुळे कोटणीसांची प्रकृती खालावत गेली आणि वयाच्या ३२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. पथकातील अन्य चारही डॉक्टर मायदेशी परतले.

स्मृती

ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारित 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' हा हिंदी चित्रपट व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये दिग्दर्शित केला. त्यात कोटणीसांची भूमिकाही त्यांनीच केली. सोलापुरात कोटणीसांचे स्मारक आहे. चीनमधील शिच्याच्वांग येथे त्यांची समाधी असून त्याच शहरातील एका वैद्यकीय विद्यालयाला त्यांचे नाव देण्यात आले आहे.